वस्तरा, हात आणि आरसा

१

धारेचे रूपक भारतीय वाङ्मयाला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. आत्मज्ञानाचा मार्ग किती दुर्गम आहे हे सांगताना कठोपनिषदाने क्षुराच्या, म्हणजेच वस्तऱ्याच्या, तीक्ष्ण धारेचे उदाहरण घेतले. विसाव्या शतकात सॉमरसेट मॉम यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला त्याच प्रतिमेवरून नाव दिले. मात्र एखादे रूपक रूढ झाले की ज्या वस्तूपासून ते निघाले तिचा विसर पडतो. ज्या धारेवरून जाणे ऋषींना दुष्कर वाटले, ती धार प्रत्यक्षात हजारो वर्षे माणसांच्या गालांवरून, हनुवटीवरून आणि गळ्यावरून फिरत आली आहे, आणि बहुतेक वेळा रक्ताचा थेंबही न काढता फिरत आली आहे. हे कौशल्य कोणी कमावले, ते एका हातातून दुसऱ्या हातात कसे गेले, आणि दुसऱ्याच्या हातातला वस्तरा माणसाने स्वतःच्या हातात घेतला तेव्हा नेमके काय बदलले, हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा विचार इतिहासाने, आणि काही प्रमाणात साहित्याने, करावयाचा आहे.

या विषयाशी निगडित असलेले मराठी शब्दच प्रथम पाहण्यासारखे आहेत. 'क्षौर' आणि 'श्मश्रू' हे शब्द संस्कृतातून आले. 'वस्तरा' हे फारसी 'उस्तरा'चे मराठी रूप. 'न्हावी' या शब्दाचे नाते पालीतील 'नहापित' या शब्दाशी, आणि त्याच्यामागे स्नान घालण्याच्या क्रियेशी आहे. 'हजाम' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणारा असा आहे. केस काढणे आणि दूषित मानलेले रक्त काढणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत, याची ही शब्दगत साक्ष होय. युरोपातही निराळी स्थिती नव्हती. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांची एक संयुक्त व्यावसायिक संस्था झाली आणि १७४५ पर्यंत दोघे एकाच छत्राखाली राहिले. ज्याचे सारे कसब रक्त न काढण्यात आहे, त्याला आपल्या भाषेत रक्त काढण्यावरून नाव मिळाले, हा भाषेच्या इतिहासातील एक मार्मिक योगायोग म्हटला पाहिजे.

वाक्प्रचारांतही हा अनुभव साठून राहिला आहे. 'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार आपण फजितीच्या किंवा लुबाडणुकीच्या अर्थाने वापरतो, पण त्याच्या तळाशी एक तांत्रिक ज्ञान आहे : पाण्यावाचून केलेली हजामत ही यातना असते. 'केसाने गळा कापणे' म्हणजे विश्वासघात करणे. 'मान देणे' या शब्दांत आदर आहे. परंतु न्हाव्यापुढे बसलेला माणूस अक्षरशः आपली मान देत असतो. वस्तऱ्याचा व्यवहार हा आरंभापासूनच विश्वासाचा व्यवहार आहे, ही गोष्ट भाषेने इतिहासकाराच्या आधी ओळखली आहे.

२

मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्या-काशाचे वस्तरे सापडले आहेत. परंतु वस्तू सापडली म्हणजे तिच्यामागची विद्या सापडली असे होत नाही. त्या विद्येचा शोध घ्यावयाचा तर ग्रंथांकडे वळावे लागते, आणि तेथे सर्वांत मोलाची साक्ष सुश्रुतसंहितेची आहे. सुश्रुताचा विषय शल्यक्रिया हा आहे, दाढी नव्हे. तथापि धारेची निगा आणि हाताची तालीम या दोन बाबींत शल्यवैद्य आणि न्हावी यांचे शास्त्र एकच ठरते. सूत्रस्थानात शस्त्रांच्या धारांची प्रतवारी सांगितली आहे. भेदन करणाऱ्या शस्त्राची धार मसुराएवढी, खरवडणाऱ्याची त्याच्या निम्मी, वेध करणाऱ्याची केसाएवढी आणि छेदन करणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी असावी, असे हे मान आहे. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड सांगितला असून ती टिकविण्यासाठी शाल्मलीच्या, म्हणजे सावरीच्या, लाकडाची फळी सांगितली आहे. दगडाने धार आणावयाची आणि मऊ पृष्ठावर ती स्थिर करावयाची, ही दोन पायऱ्यांची पद्धत पुढे न्हाव्याच्या दगडात आणि चामड्याच्या पट्ट्यात टिकून राहिली. शस्त्र केस कापू लागले म्हणजे ते नीट पाजळले गेले, ही कसोटीही सुश्रुताचीच आहे.

याहून महत्त्वाचा आहे तो शिष्याच्या तालमीचा भाग. शास्त्र पढलेला पण हाताला सराव नसलेला शिष्य कामास योग्य होत नाही, असे सांगून सुश्रुताने सरावाची साधने नेमून दिली आहेत. छेदन शिकावे ते कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर. शिरावेध शिकावा तो मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. आणि लेखन, म्हणजे खरवडणे, शिकावे ते ताणलेल्या, केस असलेल्या कातड्यावर. या शेवटच्या सूचनेत 'ताणलेल्या' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. वस्तऱ्याने दाढी करावयास शिकणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या दोन हजार वर्षांत जो पहिला धडा मिळाला, तो या एका विशेषणात आलेला आहे.

दुसरी साक्ष बौद्ध विनयपिटकाची आहे, आणि ती तंत्राविषयी नसून अधिकाराविषयी आहे. चुल्लवग्गात असा प्रसंग येतो की भिक्षू एकमेकांचे मुंडन करण्यास समर्थ आणि तयार आहेत, आणि त्यावर बुद्ध त्यांना वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, त्याची पिशवी, लोकरीचा तुकडा आणि क्षौराचे सर्व साहित्य बाळगण्याची अनुज्ञा देतात. वरवर पाहता ही एक साधी व्यवस्था आहे. परंतु ज्या समाजात क्षौरकर्म विशिष्ट कुळात जन्मलेल्यांचेच काम मानले जात होते, तेथे राजपुत्राने, ब्राह्मणाने आणि वैश्याने एकमेकांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवावा, ही सामान्य गोष्ट नव्हती. त्याच पिटकातील दुसरा नियम असा की जो पूर्वाश्रमी न्हावी होता त्याने क्षौराचे साहित्य स्वतःजवळ बाळगू नये. हे दोन नियम एकत्र वाचले तर त्यांचा एक अर्थ असा लावता येतो की संघात वस्तरा सर्वांचा झाला, आणि म्हणूनच तो ज्याचा जन्मसिद्ध होता त्याच्याकडून काढून घेतला गेला. शाक्यांचा न्हावी उपाली याची कथा या संदर्भात आठवते. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळून पडावा म्हणून उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. त्यामुळे त्यांना आपल्याच न्हाव्याला वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले, असे परंपरा सांगते.

३

स्वतःची दाढी स्वतः करणे ही एक शिकण्याजोगी कला आहे आणि ती पुस्तकातून शिकविता येईल, हा विचार मात्र अठराव्या शतकातील युरोपचा आहे. त्याला अनुकूल अशी पार्श्वभूमी तयार झाली होती. युरोपातील सभ्य पुरुषाचा चेहरा त्या काळी गुळगुळीत असे, आणि तो तसा ठेवण्यासाठी वारंवार न्हाव्याची वाट पाहावी लागे. दुसरीकडे, डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची रीत सिद्ध केली, आणि शेफील्डच्या पात्यांना पूर्वी दुर्मिळ असलेली सूक्ष्म व टिकाऊ धार येऊ लागली. तिसरी गोष्ट बौद्धिक स्वरूपाची आहे. दिदरो यांच्या विश्वकोशाचे खंड १७५१ पासून प्रसिद्ध होत होते, आणि कारागिरांच्या हातात असलेले ज्ञान शब्दांत आणि चित्रांत उतरवून सर्वांपुढे ठेवावे, ही त्यामागची एक मोठी आकांक्षा होती.

या वातावरणात पॅरिसमधील झाँ-झाक पेरे या सुऱ्या-कात्र्या घडविणाऱ्या निष्णात कारागिराने १७६९ साली 'ला पोगोनोतोमी' हे पुस्तक लिहिले. ग्रीक भाषेतील दाढी आणि कापणे या अर्थांच्या शब्दांवरून त्याने हे भारदस्त नाव बनविले. उपशीर्षकाचा अर्थ मात्र अगदी साधा होता : स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकण्याची कला. शिकणाऱ्याला कापून घेण्याची जी भीती वाटते ती पेरे जाणून होता. म्हणून त्याने सुताराच्या रंध्याच्या धर्तीवर पात्याभोवती लाकडी आवरण बसविलेला एक वस्तराही योजला. त्यात धारेचा थोडासाच भाग बाहेर राहत असल्याने पाते खोल जाण्याला आळा बसे. एकाच माणसाने या भीतीवर दोन उपाय सुचवावेत हे अर्थपूर्ण आहे. एक उपाय हाताला शहाणा करण्याचा होता, दुसरा हत्यारालाच निरुपद्रवी करण्याचा. पुढील दीडशे वर्षांचा इतिहास हा या दोन उपायांतील स्पर्धेचा इतिहास आहे.

हाताला शहाणे करणे म्हणजे काय, हे येथे थोडे तपशिलात पाहावयास हवे, कारण त्याशिवाय या कौशल्याचे स्वरूप कळणार नाही. दाढीचा केस कोरडा असताना राठ असतो. गरम पाण्याने तो भिजला, फुगला, की त्याला कापण्यासाठी लागणारा जोर पुष्कळच कमी होतो. साबणाचा फेस ते पाणी धरून ठेवतो आणि पात्याला घसरण देतो. 'बिनपाण्याची' हजामत का दुखते याचे कारण हेच. त्यानंतर धारेचा प्रश्न. दगडावर वस्तरा पाजळताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असावी लागतात. पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, आणि वस्तऱ्याच्या घडणीतील खरी बुद्धिमत्ता येथे आहे. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवावयाचे; चामड्याच्या पट्ट्यावर याच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्याच्या टोकाशी पाते उलटताना ते पाठीवरून उलटावयाचे. धारेवरून उलटले तर चामडे कापले जाते आणि धारही जाते. नवशिक्याच्या पट्ट्यावरचे चरे हे त्याच्या शिक्षणाचे पहिले दप्तर असते.

मग चेहरा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरावयाची, म्हणजे तिच्यातील चढउतार सपाट होतात आणि पात्यापुढे सुरकुती उभी राहत नाही. पाते कातडीशी सुमारे तीस अंशांचा कोन करून धरावयाचे. कोन फार वाढला तर धार रुतते, फार कमी झाला तर केस कापण्याऐवजी ओढले जातात. पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवावयाचा, आणि ही दिशा गालावर एक तर गळ्यावर पुष्कळदा दुसरीच असते, म्हणून बोटांनी आधी ती चाचपून घ्यावी लागते. जोर द्यावयाचा नाही. पात्याचे वजन पुरेसे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाते धारेच्या लांबीच्या दिशेने, आडवे, तसूभरही सरकू द्यावयाचे नाही. सुरीने भाजी चिरताना आपण जी हालचाल करतो, तीच येथे घातक ठरते. अर्ध्या केसाएवढी धार सरळ पुढे गेली तर कातडीवरून निसटते, आडवी सरकली तर न कळत आत शिरते. म्हणून शहाणा शिकाऊ पहिल्या दिवसांत केवळ गालाचा सपाट भाग करतो, आणि हनुवटी, वरचा ओठ व जबड्याखालची जागा हात स्थिर होईपर्यंत राखून ठेवतो. आरशात हालचालींच्या दिशा फसव्या वाटतात. डाव्या गालासाठी एक तर डावा हात तयार करावा लागतो, नाही तर उजवा हात चेहऱ्यासमोरून पलीकडे नेण्याची सवय करावी लागते. शेवटी तुरटी फिरविली की ती ज्या ज्या जागी झोंबते, तेथे तेथे आपण कोठे चुकलो ते निमूटपणे समजते.

या सूचना कोणत्याही पुस्तकात लिहिता येतात. परंतु 'जोर देऊ नका' हे वाक्य वाचल्याने हाताचा जोर कमी होत नाही. भीतीने हात आखडतो, आखडला की जोर येतो आणि जोर आला की कापते. ही साखळी वाचनाने तुटत नाही, ती सरावाने तुटते. सुश्रुताने शास्त्र पढलेल्या शिष्याला पुन्हा कोहळ्याकडे पाठविले ते याचसाठी. पेरेचे पुस्तक हे कारागिराच्या ज्ञानाचे लेखन म्हणून थोर आहे. त्याची मर्यादा ही लेखनाचीच मर्यादा आहे.

तरीही या आत्मनिर्भरतेचे मोल त्या शतकाने ओळखले होते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात, लंडनचे रस्ते झाडण्याच्या योजनेविषयी लिहिता लिहिता, माणसाचे सुख क्वचित येणाऱ्या मोठ्या भाग्यापेक्षा रोजच्या लहान सोयींवर अधिक अवलंबून असते असे म्हटले आहे, आणि त्यासाठी उदाहरण दिले आहे ते वस्तऱ्याचे. गरीब तरुणाला स्वतःची दाढी करावयास आणि आपला वस्तरा नीट राखावयास शिकविले, तर हजार गिनी देण्यापेक्षा त्याच्या सुखात अधिक भर पडेल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पैसा खर्च होऊन जाईल. पण न्हाव्याची वाट पाहण्याचा, त्याच्या मळक्या बोटांचा आणि बोथट हत्याराचा त्रास त्याला पुन्हा होणार नाही. फ्रँकलिन यांनी 'वस्तरा राखणे' या गोष्टीचा स्वतंत्र उल्लेख केला, यावरून ते अनुभवाने बोलत होते हे उघड आहे. मात्र या सुखाच्या हिशेबात न्हावी कोठेच नाही. त्याची बोटे मळकी का होती आणि त्याचे गिऱ्हाईक गेल्यावर त्याने काय करावे, हा प्रश्न त्या परिच्छेदाच्या बाहेर राहिला आहे.

४

साहित्याने मात्र वस्तरा धरणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला विसरू दिले नाही. बोमार्शे यांचे 'सेव्हिलचा न्हावी' हे नाटक १७७५ साली रंगभूमीवर आले. पेरेचे पुस्तक आणि फिगारो हे असे एकाच दशकाच्या आतबाहेरचे. श्रीमंताच्या घरात ज्याला मुक्त प्रवेश आहे आणि ज्याच्यापुढे मालकाला मान वर करून बसावे लागते, तो नोकर धन्याहून हुशार निघतो, ही कल्पना तेथे विनोदाच्या अंगाने आली. ऐंशी वर्षांनी तीच कल्पना हर्मन मेलव्हिल यांच्या 'बेनितो सेरेनो' या १८५५ सालच्या दीर्घकथेत भयाच्या अंगाने आली. बंड करून जहाज ताब्यात घेतलेला गुलाम बाबो, पाहुण्या कप्तानासमोर इमानी सेवकाचे सोंग करीत, आपल्या तथाकथित धन्याची दाढी करतो. पाहुण्याला सेवाभाव दिसतो. खुर्चीत बसलेल्याला मृत्यू दिसतो. कोलंबियाचे एर्नांदो तेयेस यांच्या १९५० सालच्या प्रसिद्ध कथेत क्रांतिकारकांना छुपी मदत करणारा एक न्हावी आहे, आणि क्रांतिकारकांचा कर्दनकाळ असलेला लष्करी अधिकारी त्याच्या खुर्चीत येऊन बसतो. गळा हाताशी असतानाही न्हावी तो कापत नाही. आपले काम चोख करणारा माणूस म्हणून तो स्वतःकडे पाहतो, आणि चोख काम म्हणजे एकही थेंब रक्त न येणे.

या तीनही कृतींत वस्तरा दुसऱ्याच्या हातात आहे, आणि त्यातून जे नाट्य निर्माण होते ते दोन माणसांमधील सत्तेचे आहे. याउलट जेम्स जॉइस यांची 'युलिसिस' (१९२२) उघडते तेव्हा बक मलिगन फेसाचे भांडे आणि त्यावर आडवे ठेवलेले आरसा नि वस्तरा घेऊन येतो, आणि स्वतःची दाढी करता करता धर्मविधीचे विडंबन करतो. वस्तरा स्वतःच्या हातात आला की समोरचा माणूस जातो आणि त्याच्या जागी आरसा येतो. आधुनिक साहित्यातील एकटेपणाची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांत या लहानशा अदलाबदलीचीही नोंद असावी.

मराठीत वस्तऱ्याचा सर्वांत तेजस्वी उच्चार संतकवितेत झाला. सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायातील साधने आणि क्रिया यांनाच परमार्थाचे रूपक बनविले. उपनिषदाने वस्तरा दुरून पाहिला होता. सेना महाराजांनी तो रोज हाताळला होता, आणि त्यांच्या रूपकात धोकटीतील वस्तूंची ओळख जाणवते. त्यांच्या रूपकातील न्हावी लोकांची सेवा करतो, पण कमीपणाने करीत नाही. आपल्या कामातच त्याला अध्यात्माची परिभाषा सापडते.

५

सेवेचा हा गौरव संतकवितेत झाला, तरी गावगाड्यात न्हाव्याचे स्थान बलुतेदाराचे होते, आणि त्याचा वस्तरा कोणासाठी चालावा आणि कोणासाठी चालू नये, हे तो स्वतः ठरवीत नव्हता. या व्यवस्थेची दोन टोके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट दिसतात. एका टोकाला उच्चवर्णीय विधवा होती. तिच्या इच्छेविरुद्धही तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरे. या प्रथेविरुद्ध १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, न्हावी समाजातील लोक एकत्र आले आणि यापुढे विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा निर्धार त्यांनी व्यक्त केला. हत्यार खाली ठेवणे हाही कारागिराचा एक अधिकार आहे, हे या घटनेने दाखविले. आपल्या कौशल्याचा उपयोग कोठे करावयाचा नाही, हे ठरविताच तो बलुतेदार नैतिक कर्ता झाला.

दुसऱ्या टोकाला ज्यांना अस्पृश्य म्हटले गेले ते समाज होते. त्यांच्यासाठी वस्तरा चालतच नसे. महात्मा गांधी यांनी आपल्या आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचा एक प्रसंग सांगितला आहे. विलायतेला जाणारा प्रत्येक जण निदान दाढी करण्याची कला तेथे शिकतो, केस कापण्याची मात्र कोणी शिकत नाही, असे ते नमूद करतात. प्रिटोरियातील गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्याचे तुच्छतेने नाकारले, तेव्हा त्यांनी केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले. पुढचे केस बरे कापले गेले, मागचे बिघडले, आणि न्यायालयात सहकाऱ्यांनी हसून उंदरांनी कुरतडले काय म्हणून विचारले. प्रसंग एवढाच असता तर तो स्वावलंबनाचा एक किस्सा ठरला असता. परंतु गांधीजी पुढे लिहितात की त्या न्हाव्याला दोष देता येत नाही; काळ्यांची सेवा केली तर त्याचे गिऱ्हाईक तुटले असते, आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही. आपल्याला मिळाले ते आपल्याच पापाचे फळ, ही जाणीव त्यांना तेथे झाली. अपमान सोसणाऱ्याने स्वतःच्या समाजाकडे आरसा वळविण्याचे हे एक विरळ उदाहरण आहे.

साधारण त्याच काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, साताऱ्यात जे घडत होते ते याच वाक्याची दुसरी बाजू होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजीतील आत्मपर लेखनात, १९०१ सालच्या गोरेगावच्या प्रवासाची हकिगत सांगितल्यानंतर, बालपणच्या काही गोष्टी आल्या आहेत. पुस्तिकेच्या रूपाने हे लेखन १९९० साली प्रसिद्ध झाले. शाळेत वेगळे बसावे लागे, नळाला हात लावता येत नसे. त्याच ओघात ते सांगतात की घरातील मुलांचे केस कापण्याचे आणि हजामतीचे काम त्यांची थोरली बहीण करीत असे, आणि भावांवर सराव करता करता ती त्या कामात चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, किंवा त्यांना पैसे देण्याची कुटुंबाची ऐपत नव्हती असेही नाही. अस्पृश्याला हात लावण्यास कोणीही न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण होते.

या वर्णनात तक्रारीचा सूर नाही, विशेषणे नाहीत. तरीही या विषयाच्या संपूर्ण इतिहासात याहून अर्थपूर्ण उल्लेख सापडणे कठीण आहे. पॅरिसच्या सभ्य गृहस्थाने वस्तरा हाती घेतला तो न्हाव्याची वाट पाहण्याचा कंटाळा आला म्हणून. त्याच्यापुढे पुस्तक होते, आरसा होता, आणि हात बिघडला तर न्हावी होताच. साताऱ्याच्या त्या मुलीपुढे पुस्तक नव्हते आणि पर्यायही नव्हता. तिला शिकावयाचे होते ते स्वतःच्या चेहऱ्यावर नव्हे; लहान, चुळबुळ करणाऱ्या भावांच्या डोक्यावर शिकावयाचे होते. सुश्रुताच्या शिष्याला चुकण्यासाठी कोहळा मिळाला होता, तोही तिला नव्हता. ती तरबेज झाली, याचा अर्थ तिने कोन, ताण, दिशा आणि जोर यांचे सारे शास्त्र कोणी न सांगता हाताने शोधून काढले. फ्रँकलिन यांनी ज्या कौशल्याला हजार गिनींपेक्षा मोलाचे सुख म्हटले, तेच कौशल्य येथे बहिष्काराने लादलेले आहे. कौशल्य एकच, परंतु ते निवडलेले आहे की लादलेले आहे यावरून त्याचा अर्थ पालटतो. स्वावलंबनाची स्तुती करणाऱ्या प्रत्येक लेखकाने हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

६

पेरेच्या दोन उपायांपैकी अखेर दुसरा जिंकला. १८८० साली अमेरिकेत कॅम्फे बंधूंचा संरक्षक पट्टी असलेला वस्तरा आला, आणि किंग कॅम्प जिलेट यांनी फेकून देता येणाऱ्या पातळ पात्याची कल्पना विक्रीस आणली. १९०३ या पहिल्या वर्षी त्यांचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. १९०४ साली त्यांना एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी असे लक्षावधी वस्तरे घेतले, आणि परत आलेल्या तरुणांनी ती सवय घरी नेली. दगड, पट्टा आणि धार राखण्याची विद्या सामान्य माणसाच्या घरातून काही दशकांतच नाहीशी झाली. कोन आता हाताऐवजी यंत्र ठरवू लागले. कापून न घेण्याचे जे शिक्षण पूर्वी शरीरात होते ते वस्तूत गेले, आणि त्यामुळे ते विकत मिळू लागले. याचे दुःख करण्याचे कारण नाही. कोट्यवधी माणसांची त्यातून सोय झाली. आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानात उघडा वस्तरा टिकला, पण तोही बदलला. १९८६ साली भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला, आणि त्यानंतरच्या वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते बसविण्याची पद्धत रूढ होत गेली. दगड आणि पट्टा तेथूनही निवृत्त झाले. राहिला तो केवळ हात.

हाताच्या या इतिहासाचे एक वैशिष्ट्य शेवटी नोंदवावेसे वाटते. कौशल्य जेव्हा पूर्णत्वाला जाते तेव्हा ते कोणतीही खूण मागे ठेवत नाही. जखम झाली तरच ती दिसते, आठवते, लिहिली जाते. न झालेल्या जखमेचा दस्तऐवज नसतो. म्हणून या विद्येचे खरे धनी बहुतांशी अनामिक राहिले. पेरेचे नाव उरले, कारण त्याने पुस्तक लिहिले. सेना महाराजांचे उरले, कारण ते कवी होते. साताऱ्यातील त्या बहिणीचे कसब आपल्याला कळते ते तिने ज्यांचे केस कापले त्यांपैकी एक भाऊ पुढे लिहिता झाला आणि तिला विसरला नाही म्हणून. साहित्याच्या अभ्यासकाने अशा ओळींपाशी थांबले पाहिजे. मोठ्या अन्यायाचे वर्णन वाचताना आपले लक्ष अन्याय करणाऱ्यांकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच ओळींत, दार बंद असताना घरातल्या घरात शिकलेला एक स्थिर हातही असतो. भावाला जखम होऊ नये एवढीच ज्या हाताची इच्छा होती, त्याची नोंद झाल्याशिवाय धारेचा इतिहास पुरा होत नाही.